पगार बघू की आवड? आधी खर्चाचा आकडा काढा, मग कामाचा दिवस बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिक्षण संपत आलंय, समोर दोन वाटा आहेत, एकीत पहिल्या दिवसापासून चांगला पगार आहे पण त्या कामात जीव रमत नाही, दुसरीत मन लागतं पण पैसे बेताचेच, आणि घरचे म्हणतायत की आधी चार पैसे गाठीला बांध, आवडीनिवडीचं नंतर बघू. तर निवडायचं काय आणि या दोन्हीचा मेळ खरंच बसतो का?

बसतो, पण बहुतेक लोक ज्या पद्धतीने तो बसवायला जातात तसा बसत नाही. करिअर समुपदेशन हेच माझं काम आहे, आणि हा प्रश्न घेऊन येणारा माणूस विशीतला असो की पंचेचाळिशीतला, एका बाजूला पगार मांडतो, दुसऱ्या बाजूला समाधान, आणि मग रात्र रात्र विचार करत बसतो की जड काय. अडचण अशी की पगार हा हातात आलेला आकडा आहे आणि समाधान हा अजून न केलेल्या कामाबद्दलचा अंदाज आहे. आकडा आणि अंदाज यांची तुलना होतच नाही. सावध माणूस आकड्याकडे झुकतो, हौशी माणूस अंदाजाकडे, आणि दोघांनाही वाटतं आपण नीट विचार करून ठरवलं. म्हणून मी तुलना करायलाच लावत नाही, क्रम लावायला सांगते. पैसा आधी खालची रेघ ठरवतो, म्हणजे महिन्याला किमान किती लागतात ते. त्या रेघेच्या वर जे पर्याय उरतात त्यातून निवड करायची ती रोजचे आठ-नऊ तास कसे जाणार यावर. आणि निवड फसली तर बाहेर पडता येईल एवढी सोय पहिल्या पगारापासून करत राहायची.

तर आधी रेघ. महिन्याला जगायला किती लागतात असं विचारलं की लोक एक गोल आकडा सांगतात आणि तो जवळजवळ नेहमी कमी असतो. अंदाज नको, मागच्या तीन-चार महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि खर्च प्रत्यक्ष मांडा: भाडं, किराणा, प्रवास, फोन, औषधं, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता असेल तर तो, घरी द्यायचे असतील तर ते. मग वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचा प्रीमियम, कसली फी, दुरुस्ती, कपडेलत्ते, या सगळ्याची बेरीज करून बाराने भागा आणि ते यात मिळवा, लोक नेमकं हेच विसरतात. अडीअडचणीसाठी बाजूला टाकायची रक्कमही खर्चातच धरायची, उरले तर टाकू म्हटलं की कधी उरत नाहीत. थोडी मौजमजाही धरा, कारण मौजेला जागा न ठेवलेलं बजेट दोन महिने टिकत नाही. अजून कमवत नसाल तर जिथे राहायची शक्यता आहे तिथे एक-दोन वर्षं नोकरी करत असलेल्या ओळखीच्या माणसाला घेऊन बसा आणि त्याचा खर्च मांडून घ्या. आणि मग हाच हिशोब पाच वर्षांनंतरचा करा, तेव्हा तुमच्यावर अवलंबून कोण कोण असेल ते धरून.

आता आवडीच्या क्षेत्रातला पगार या रेघेशी लावून बघा. इथे एक काळजी घ्यायची, तुलना करायची ती त्या क्षेत्रात तीन वर्षं काम केलेल्या सर्वसाधारण माणसाच्या कमाईशी. ज्यांची मुलाखत छापून येते त्यांच्या कमाईशी करू नका. काही क्षेत्रांत, जसं की अभिनय, गाणं, खेळ, वरच्या मोजक्या लोकांकडे बहुतेक पैसा जातो आणि बाकीच्यांना भागवताना नाकी नऊ येतात. अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथने १७७६ मध्ये मजुरी कुठे जास्त आणि कुठे कमी का असते याची पाच कारणं दिली होती: काम सुखाचं आहे की त्रासाचं, शिकायला किती वेळ आणि पैसा लागतो, काम सलग मिळतं की तुटक तुटक, त्या माणसावर किती विश्वास टाकावा लागतो, आणि यश मिळण्याची शक्यता किती. मला ही यादी आजही कामाची वाटते, आणि त्यातलं शेवटचं कारण सगळ्यात जास्त, कारण तरुण माणूस आपल्या यशाची शक्यता फुगवून धरतो हेही त्याने तिथेच लिहून ठेवलंय. तुमच्या क्षेत्रात शंभर जण शिरले तर दहा वर्षांनी त्यावर पोट भरणारे किती, हे आत असलेल्यांना विचारून काढा.

आणि जर सर्वसाधारण माणसाचीही कमाई रेघेच्या खाली राहत असेल तर आत्ता पगाराची नोकरी घ्या, यात कमीपणा काही नाही. ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत, ज्याच्या घरी कुणी आजारी आहे, त्याला मनाचं ऐक म्हणून सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. पैशाची चणचण आवडीचं कामसुद्धा नासवते, हे मी इतक्यांदा बघितलंय की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही. चित्र काढणाऱ्या माणसाला महिनाअखेरीला भाड्याची चिंता असेल तर तो मिळेल ते काम मिळेल त्या पैशात घेतो, नको त्या गिऱ्हाईकाला हो म्हणतो, आणि वर्षभरात त्याला ब्रश हातात धरावासा वाटत नाही.

रेघेच्या वर गेल्यावर मात्र पैशाचं वागणं बदलतं. यावर बरंच संशोधन झालंय आणि त्यातला अर्धाच भाग लोकांपर्यंत पोचतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१० मध्ये डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या ४,५०,००० हून जास्त उत्तरांवरून मांडलं की रोजच्या भावना, म्हणजे काल किती हसलात, किती ताण होता वगैरे, वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे फारशा सुधारत नाहीत, पण एकूण आयुष्याला किती मार्क द्याल असं विचारलं तर पैशाबरोबर मार्क वाढत राहतात. यातला पहिला भाग जगभर पसरला, दुसरा फारसा नाही. मग २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्सवर्थने ३३,००० हून जास्त नोकरदारांना दिवसभरात फोनवर अधूनमधून विचारून दाखवलं की सपाटी कुठे दिसत नाही, आनंद वाढतच जातो. दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध, तेव्हा काहनेमन, किलिंग्सवर्थ आणि बार्बरा मेलर्स एकत्र बसले आणि २०२३ मध्ये निघालं ते असं: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण जे लोक सगळ्यात दुःखी आहेत, साधारण १५ ते २० टक्के, त्यांचं दुःख सुमारे १,००,००० डॉलरपर्यंतच कमी होतं, त्यापुढे पैसा त्यांना उपयोगी पडत नाही. म्हणजे पैशाने सुख मिळत नाही हेही सरसकट खरं नाही, आणि पैसा आला की सगळं ठीक होईल हेही नाही. आणखी एक बारीक गोष्ट यात आहे, ही वाढ टक्क्यांच्या हिशोबाने होते, पगार दुप्पट झाल्यावर जेवढा फरक पडला तेवढाच पुढचा फरक पडायला पगार परत दुप्पट व्हावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत प्रत्येक वाढ जाणवते आणि नंतर जाणवेनाशी होते ती यामुळेच.

हे झालं एकूण आयुष्याबद्दल. कामाबद्दलच्या समाधानाचं चित्र वेगळं आहे. २०१० मध्येच टिमोथी जज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पगार आणि कामातलं समाधान यांचा संबंध शोधणारे आधीचे ९२ नमुने एकत्र करून बघितले, तर सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचं माप (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण), निघाला ०.१५ च्या आसपास. गणित येणाऱ्यांना कळेल की हा फार कमी आहे, कोण किती समाधानी आहे यातल्या फरकापैकी दोन-अडीच टक्केच पगाराने समजतो. जास्त पगारवाला माणूस आपल्या कामावर जास्त खूश असेल असं आपण गृहीत धरतो, ते तिथे फारसं दिसलं नाही. याचा अर्थ पगार सोडा असा नाही. नोकरीच्या बाहेरचं आयुष्य पगारावर चालतं, नोकरीच्या आतलं आयुष्य मात्र दुसऱ्याच गोष्टींवर चालतं, आणि त्या गोष्टी ऑफर लेटरमध्ये छापलेल्या नसतात.

त्या कुठल्या, तर १९७० च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी पाच गोष्टी काढल्या ज्या मी अजूनही रोज वापरते. कामात वेगवेगळी कौशल्यं लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून पूर्ण होतं का की मधलाच एक तुकडा वाट्याला येतो, त्याचा कुणाला तरी खरंच उपयोग होतो का, कसं करायचं हे ठरवायची मोकळीक आहे का, आणि चांगलं झालं की वाईट हे आपल्याला कळतं का. यात विषयाचं नाव कुठेच नाही बघा. लोक मात्र विषयावरूनच करिअर निवडतात. मला प्राणी आवडतात म्हणून पशुवैद्यक, मला वाचायला आवडतं म्हणून प्रकाशन, मला न्यायाची चाड आहे म्हणून वकिली. प्राणी आवडतात हे ठीक, पण पशुवैद्याचा दिवस प्राण्यांइतकाच त्यांच्या मालकांशी बोलण्यात जातो, उपचाराचा खर्च झेपत नाही म्हणून रडणाऱ्या माणसाला समजावण्यात जातो, आणि कधी कधी बऱ्या न होणाऱ्या जनावराला शांतपणे जाऊ देण्यात जातो. हे जमणार असेल, किंबहुना हेच करावंसं वाटत असेल, तर ते क्षेत्र तुमचं.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, अकाउंट्समध्ये चांगल्या हुद्द्यावर, चांगला पगार, आणि ठाम होत्या की हे क्षेत्र माझं नव्हतंच, मला सगळं सोडून शिकवायचंय. मी त्यांना दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. दर तासाला एक ओळ: काय केलं, आणि पुढे अधिक, उणे किंवा शून्य. भावना लिहायच्या नाहीत, कारणं शोधायची नाहीत, फक्त चिन्ह. त्या वहीत उणे होते ते जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी, एका विशिष्ट साहेबांबरोबरच्या मीटिंगा आणि त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा फॉरमॅट बदलून द्यायचे रिपोर्ट. आणि अधिक कुठे, तर जुळत नसलेले हिशोब उलगडताना, कुठल्या तरी नोंदीत गफलत आहे आणि ती सापडत नाहीये, तिथे ओळीने तीन-तीन तास अधिक. एके दिवशी जेवायची वेळ निघून गेली तरी कळलं नव्हतं, तेही लिहिलं होतं. शिकवण्याची ओढ कुठून आली होती, तर नवीन आलेल्या दोघांना समजावून सांगताना त्यांना बरं वाटायचं म्हणून. त्या पुढे हिशोबातले घोटाळे तपासण्याच्या कामात गेल्या, क्षेत्र तेच, पगार साधारण तेवढाच. आपलं काम आवडत नाही असं म्हणणाऱ्या माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारते, नेमका कुठला तास आवडत नाही? कारण क्षेत्र नकोसं होणं, ही नोकरी नकोशी होणं आणि हा साहेब नकोसा होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

विद्यार्थी म्हणेल माझ्याकडे अजून तास कुठे आहेत लिहायला. तर मग जे ते काम करतायत त्यांचे तास विचारा. यालाही आधार आहे, २००९ मध्ये डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, मुलींना एका मुलाशी पाच मिनिटं बोलायचं होतं, ते किती आवडेल हे आधी सांगायचं. काहींना त्या मुलाची माहिती आणि फोटो दिला, काहींना फक्त दुसऱ्या एका मुलीला तो अनुभव कसा वाटला तेवढंच सांगितलं. दुसऱ्या गटाचे अंदाज जास्त बरोबर निघाले, आणि गंमत म्हणजे बहुतेकींना तरीही वाटत होतं की माहिती आणि फोटोच जास्त कामाचा. करिअरचंही तंतोतंत हेच होतं, आपण कोर्सचं माहितीपत्रक वाचतो आणि कल्पना करतो, आणि शेजारी तेच काम दहा वर्षं करणारा माणूस असतो त्याला विचारत नाही. विचारायचं तेही नीट विचारायचं. काम कसं आहे असं विचारलं तर लोक चांगलं आहे म्हणतात आणि विषय संपतो. काल सकाळी दहा ते बारा काय करत होतात असं विचारा. मागच्या आठवड्यातलं सगळ्यात कंटाळवाणं काम कुठलं आणि त्यात किती वेळ गेला? तुमच्याबरोबर लागलेल्यांपैकी सोडून कोण कोण गेलं आणि का? घरी गेल्यावर फोन वाजतो का? पाच-सहा जणांना हे विचारलंत, त्यातले दोन-तीन ते क्षेत्र सोडून गेलेले असतील तर उत्तमच, की तुम्हाला त्या कामाचा दिवस डोळ्यांसमोर दिसायला लागतो. मग त्या कामातल्या सगळ्यात कंटाळवाण्या भागाकडे बघा आणि स्वतःला विचारा, हे मी मंगळवारी दुपारी, पाऊस पडत असताना, कुणी कौतुक करत नसताना करू शकेन का. माझ्या मते आवडीची खरी परीक्षा ही.

तासांवरून आठवलं, पगाराची तुलना महिन्यावर करू नका, तासावर करा. समजा एका नोकरीचा आठवड्याचा पगार १०० धरला आणि दुसरीचा ७५. पहिलीत आठवड्याला ५५ तास काम, १० तास जाण्यायेण्यात आणि ५ तास घरी बसून फोन आणि मेल, म्हणजे ७० तास, तासाला पडले १.४३. दुसरीत ४२ तास काम आणि ३ तास प्रवास, ४५ तास, तासाला १.६७. पंचवीस टक्के कमी पगाराची नोकरी तासाच्या हिशोबाने जास्त देते. अर्थात उरलेल्या तासांनी भाडं भरता येत नाही म्हणूनच रेघ आधी. पण दोन्ही रेघेच्या वर असतील तर ते २५ तास म्हणजे आठवड्याला जवळजवळ तीन कामाचे दिवस झाले, त्यात माणूस काही शिकू शकतो, दुसरं काम करू शकतो, मुलांबरोबर बसू शकतो. जाण्यायेण्याच्या वेळेला तर लोक फारच हलक्यात घेतात. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर यांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या माहितीवरून दाखवलं की लांबचा प्रवास करणारे लोक आयुष्यावर कमी समाधानी असतात, म्हणजे चांगला पगार किंवा स्वस्त घर मिळतं म्हणून जो प्रवास पत्करला जातो त्याची भरपाई पूर्ण होत नाही.

आता घरचे म्हणतात ते, आधी पैसा मग आवड. हा मार्ग खरंच चालतो, मी चाललेला बघितलाय, पण एका अटीवर, आणि ती अट हिशोबाची आहे. समजा तुमचं उत्पन्न १०० आणि खर्च ८०, शिल्लक २०. एक महिना नोकरी न करता काढायचा तर त्याचे पैसे साठवायला तुम्हाला ४ महिने काम करावं लागतं. खर्च ६० वर आणलात तर शिल्लक ४०, आणि एका महिन्याची मोकळीक दीड महिन्यात साठते. आता उलटं बघा, पगार वाढून १३० झाला, तुम्ही मोठं घर घेतलं, गाडीचा हप्ता सुरू झाला आणि खर्च गेला ११० वर. शिल्लक तेवढीच २०, पण आता एका महिन्याची मोकळीक साठवायला साडेपाच महिने लागतात. पगार वाढला आणि सुटका लांब गेली. आधी पैसा म्हणून शिरलेली बरीच माणसं चाळिशीत माझ्यासमोर येतात ती इथे अडकलेली असतात, नोकरी आवडत नाही आणि सोडवतही नाही कारण खालची रेघच वर सरकून पगाराला टेकलीय. म्हणून या वाटेने जायचं असेल तर दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात कागदावर लिहा, किती पैसे साठले की थांबणार तो आकडा आणि कुठल्या तारखेला परत विचार करणार ती तारीख. आणि घरात जो माणूस आधी पैसा म्हणतो त्याला तो कागद दाखवा, म्हणजे उद्या नोकरी सोडायची वेळ आली तर ती त्याच्यासाठी बातमी नसेल. पगारवाढ झाली की निम्मी खर्चायची आणि निम्मी साठवायची, एवढा साधा नियम पाळला तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसऱ्या बाजूलाही खाचखळगे आहेत, आवड म्हणून शिरणाऱ्यांनी हे वाचाच. एक म्हणजे आवडीच्या गोष्टीला पैसे जोडले की ती बदलते. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्र काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल, आणि नंतर त्या मुलांनी आपणहून चित्र काढणं कमी केलं. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं, किंवा अचानक बक्षीस मिळालं, त्यांच्या आवडीवर परिणाम झाला नाही. प्रत्येक छंदाचं असंच होईल असं नाही, पण छंदाचा व्यवसाय करायच्या आधी थोडे महिने बाहेरच्या लोकांची कामं पैसे घेऊन, वेळेत, त्यांच्या मनासारखी करून बघा. गिऱ्हाईकाने तिसऱ्यांदा बदल सांगितल्यावरही ते काम हवंसं वाटतंय का ते कळेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि हिच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते. २००९ मध्ये स्टुअर्ट बंडरसन आणि जेफ्री थॉम्पसन यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. बहुतेक पदवीधर, पगार कमी, काम कष्टाचं आणि घाणीचं, तरी त्यातल्या अनेकांना वाटायचं की आपण याच कामासाठी जन्मलोय. ज्यांना हे जितकं जास्त वाटायचं त्यांना काम तितकंच अर्थपूर्ण वाटायचं, आणि तेच लोक पगार, वेळ, आराम सोडायला जास्त तयार असायचे, आणि आपली संस्था आपल्या या ओढीचा फायदा घेईल अशी शंकाही त्यांनाच जास्त. शिकवणं, नर्सिंग, समाजकार्य, पत्रकारिता, संशोधन, कला, जिथे जिथे लोक ओढीने येतात तिथे हे चालतं. तुम्हाला काम आवडतं म्हणून तुम्ही कमी पैसे मागायचे, हे तुम्ही स्वतः ठरवलं तर ठीक आहे, पण समोरच्याने गृहीत धरता कामा नये. आवडीच्या नोकरीत पगाराची बोलणी इतर नोकरीपेक्षा जास्त कसून करा. तिथे दरवर्षी वाढ किती होते, जास्तीच्या तासांचं काय, हे आधी विचारा आणि लेखी घ्या. यावर समोरचा माणूस नाराज झाला तर तीही उपयोगाची माहिती आहे.

बरं, मेळ बसतो असं मी सुरुवातीला म्हटलं ते कुठे बसतो, तर बहुतेक वेळा दोन क्षेत्रांच्या मधल्या जागेत बसतो. आवडीचा विषय बाजूला ठेवा आणि आवडीची कृती शोधा, म्हणजे तुमच्या हाताला आणि डोक्याला नेमकं काय करायला आवडतं. मग तीच कृती कुठल्या क्षेत्रात जास्त पैसे देते ते बघा. लिहायला आवडतं असं म्हणणाऱ्यांपैकी काहींना खरं तर अवघड गोष्ट सोपी करून मांडायला आवडतं, त्यांना औषध कंपन्यांत, सॉफ्टवेअरमध्ये, कायद्याच्या मसुद्यांत चांगले पैसे मिळतात. शिकवायला आवडणाऱ्याला कंपन्यांतलं प्रशिक्षण आहे, चित्र आवडणाऱ्याला ॲपच्या स्क्रीन आखायचं काम आहे, खगोलशास्त्रात शिकलेली आकडेवारी हाताळण्याची कला डेटाच्या नोकऱ्यांत सरळ चालते. हे सगळ्यांना रुचत नाही, ज्याला कथाच लिहायची आहे त्याला औषधाचं माहितीपत्रक लिहून समाधान मिळणार नाही, त्याने पोटापाण्याचं काम वेगळं आणि लेखन वेगळं ठेवावं, आणि पोटाचं काम असं निवडावं की संध्याकाळी डोकं शिल्लक राहील. हाही चांगला मार्ग आहे, त्याला तडजोड म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. एमी रेझ्नेव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं की लोक आपल्या कामाकडे तीन तऱ्हेने बघतात, पोटाचं साधन, वर चढायची शिडी, किंवा आयुष्याचं काम, आणि एकाच हुद्द्यावर एकाच जागी बसणाऱ्या लोकांतही तिन्ही तऱ्हा सापडतात. तुम्ही कुठल्या तऱ्हेचे हे आधी कळलं तर बरंच सोपं होतं.

आणि विशीत असाल तर एक लक्षात ठेवा, आवड ही आधीच तयार होऊन कुठेतरी पडलेली नसते. २०१८ मध्ये पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या अभ्यासात ज्यांना वाटत होतं की आवड सापडावी लागते, त्यांचा नव्या विषयातला रस तो विषय अवघड झाल्याबरोबर जास्त ओसरला. ज्यांना वाटत होतं की आवड वाढवता येते ते टिकून राहिले. हात बसला, लोक विचारायला येऊ लागले, मोकळीक मिळाली की पुष्कळशी कामं आवडू लागतात, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांच्या कंटाळ्यावरून क्षेत्राचा निकाल लावू नका. दीड-दोन वर्षं नेटाने करूनही वहीत उणेच उणे असतील तर मग लावा.

पहिली नोकरी मनासारखी नाही मिळाली तर आयुष्य बिघडलं असंही नाही. कॅनडात मंदीच्या वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांवर फिलिप ऑरिओपुलोस आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्के कमी होती, पाच वर्षांत तो फरक निम्म्यावर आला आणि दहा वर्षांत जवळजवळ संपला. आणि तो भरून निघाला तो बराचसा चांगल्या कंपन्यांत नोकरी बदलत गेल्याने. तेव्हा बदलायची भीती नको. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिटने तर लोकांना अशा निर्णयांसाठी नाणं उडवायला दिलं होतं, नोकरी सोडू की नको वगैरे, २०,००० हून जास्त वेळा नाणी उडाली, आणि मोठ्या निर्णयांत ज्यांना नाण्याने बदल कर म्हणून सांगितलं ते सहा महिन्यांनी जास्त खूश निघाले. हे लक्षात घ्या की ते सगळे आधीच काठावर होते. पण काठावर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला मी हे आवर्जून सांगते, कारण त्याला बदलाचा धोका दिसतो आणि तिथेच बसून राहण्याचा दिसत नाही.

तुमच्या दोन वाटांबद्दल विचाराल तर, आवडीच्या वाटेवरची तीन वर्षांनंतरची सर्वसाधारण कमाई तुमच्या रेघेच्या वर येत असेल, पगारवाल्या वाटेपेक्षा कमी का असेना, तर मी तिकडेच जायला सांगेन, कारण ज्या कामाला तुम्ही आपणहून जास्त वेळ देता त्यात तुम्ही लवकर तरबेज होता आणि तरबेज माणसाचा पगार वाढवून मागता येतो. रेघेच्या खाली असेल तर पगाराची नोकरी घ्या, आकडा आणि तारीख लिहून ठेवा, आणि दोन पगारवाल्या ऑफर असतील तर त्यातली ती घ्या जिच्यात शिकलेलं दुसरीकडेही चालेल. आणि अजून त्या कामातल्या एकाही माणसाशी बोलला नसाल तर आज काहीच ठरवू नका. आधी पाच जणांना फोन करा, काल सकाळी दहा ते बारा काय करत होतात एवढं विचारा, आणि ऑफरला उत्तर द्यायला आठवडाभर मागून घ्या, बहुतेक ठिकाणी देतात.